शिवदाऱ्याचा डाग

...आणि मग लालमहंमद कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि नळेगावच्या अलीकडं, भर उन्हात, गाडी उभी केली. काल सांगता सांगता इथपर्यंत आलो होतो आणि माझाच डोळा लागला. तर गाडी उभी. पुढच्या बाकावरचा एक टोपीवाला उठून म्हणत होता, "त्या बाईला खाली उतरवा. महारोग हाय तिला. हात बघा तिचे." त्याच्या शेजारचे दोघं आधीच मागं सरकले होते. वहिनीनं हात पदराखाली घेतले होते आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लालमहंमद त्या टोपीवाल्याजवळ गेला. फळीवरची त्याची पिशवी काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, तकलीफ तुमको है ना? उतरो. पीछे दुसरी गाडी आती, तासाभरानं."

"मी कशाला उतरू? तिकीट काढलंय मी."

"अम्मानं भी काढलंय. मीच फाडून दिलंय."

टोपीवाला पिशवी मांडीवर घेऊन खाली बसला. गाडी निघाली. लालमहंमद परत आपल्या जागेवर गेला नाही. तो चक्क वहिनीच्या शेजारी येऊन बसला आणि सुटे पैसे लावत मला विचारायला लागला, "बडे दवाखाने जाऊन राहिले का? बरं केलं. पहले उस्मानाबाद जाना पडता था, सारा दिन रस्त्यातच. आता लातूर आपलाच जिल्हा झाला." उदगीरच्या किल्ल्याजवळ त्याचं घर होतं. पुढं कधी त्याच्या गाडीत बसायचा योग आला की मी मुद्दाम शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो. माणसाचे उपकार असे फेडता येत नाहीत, पण सोबत करता येते.

आता वहिनीच्या हाताला झालं काय होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागतं.

दानम्मा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, बसवराजअण्णाची बायको. माहेर देगलूरकडचं. तिच्या माहेरी तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या. देवाशी बोलायची तर कन्नडात, गुरांवर ओरडायची तर तेलुगूत, आणि आम्हाला टोमणा मारायचा असला की शुद्ध मराठीत. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी उगाच मोठेपणा करत म्हणालो, "वहिनी, भाकर जरा जाड झाली."

ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "भाकर न्हाई जाड झाली भावजी. तुमची भूक बारीक झाली."

त्या दिवसापासून मी तिच्या भाकरीला नाव ठेवलं नाही. हसायची तर अशी, की वाड्याबाहेर बांधलेली म्हैस मान वळवून बघायची. हे मी का सांगतोय, तर त्या दुष्काळात ते हसू गेलं, आणि आम्हाला आधी तेच कळलं. डाग नंतर दिसला.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पाट्या नव्या, शिक्के नवे. गावात आमचा माणिकप्पा न्हावी म्हणायचा, "सरकारनं जिल्हा बदलला, आता ढगांना पत्ता कळवायचा राहिलाय वाटतं." खरंच तसं झालं. पावसाळे कोरडे गेले. विहिरीत खाली उतरून वाटीनं पाणी भरायचं. आमचं गाव उदगीरपासून कोसभर, कर्नाटकाच्या अंगाला. रोजगार हमीचं खडीचं काम निघालं, तर मी आणि वहिनी दोघं जायचो. अण्णा उदगीरच्या अडतीवर मापाडी होता. एरवी तूर, हरभरा, करडई मापून त्याचा खांदा दुखायचा. त्या साली मापायला काही नव्हतं, तरी तो तिथंच बसून असायचा, कारण एखादी गाडी आलीच तर हजर असावं लागतं. आठवड्यातून एकदा घरी यायचा, येताना मूठभर डाळ, थोडे दाणे.

ते घरात कसं वाटलं जायचं तर जगरहाटीप्रमाणं. आधी आम्ही पुरुष. मग लेकरं. मग आमची आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो. नाव गुरम्मा. आणि सगळ्यांचं झाल्यावर वहिनी. वरण एवढंसं, वाटी फिरता फिरता रिकामी. खडीच्या मजुरीवर ज्वारी तेवढी मिळायची, म्हणून भाकरीला मात्र तोटा नव्हता. तेव्हा हे कुणाला खटकत नव्हतं. वहिनीलाही नाही. तिच्या आईनंही असंच जेवण केलं होतं.

तर डाग. गळ्याला. आधी उन्हानं रापल्यासारखा, मग तांबडा, मग काळा. गळ्याभोवती पट्टा आणि पुढून छातीकडं उतरलेली एक निमुळती शेपटी. आता आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असतं, आणि ते ज्या दोऱ्यात बांधतात त्याला शिवदारा म्हणतात. तो दोरा गळ्याभोवती असतो आणि लिंग छातीवर लोंबतं. वहिनीच्या अंगावरचा डाग अगदी त्याच वाटेनं गेला होता. कुणी काजळानं दोरा काढून ठेवावा तसा.

अव्वानं एकदा नीट बघितलं आणि खालीच बसली.

"दाना, खरं सांग. खडीवर असताना पूजा न करता खाल्लंस का?"

वहिनी म्हणाली, "एकदा-दोनदा खाल्लं आत्या. मुकादमानं भोंगा वाजवला, पाणी नव्हतं हात धुवायला."

झालं. अव्वाच्या मनानं घेतलं की लिंग कोपलं आणि दोऱ्यानं गळा भाजला. तुम्ही अव्वाला खाष्ट समजू नका हं. ती भ्यालेली होती. आमचे अप्पा गेले तेव्हापासून सगळं घर तिनं त्या एका लिंगाच्या भरवशावर ओढलं होतं. तिनं सुती शिवदारा काढून रेशमाचा आणला, रोज डागावर विभूती लावली. काही उतार पडेना. मग तिनं नेम घातला. डाग जाईपर्यंत वहिनीनं दूध, ताक, डाळ, शेंगदाणे, सगळं सोडायचं. फक्त भाकर आणि मीठ. वहिनीनं मान डोलावली. तिलाही वाटत होतं, चूक आपलीच.

आणि नेम जसा कडक झाला तसा डाग वाढला. हातांच्या पाठीवर आला, पायांवर आला. चपलेच्या पट्ट्याखाली तेवढी कातडी जुन्या रंगाची, बाकी काळी, भेगाळलेली. मी अव्वाला म्हणालो, "अव्वा, शिवदारा गळ्यात असतो. हाताला कोण बांधतं?"

"हातानंच पूजा करतात न्हवं."

"आणि पाय?"

"देवळात काय हातावर चालत जातोस का?"

अव्वाशी वादात कुणी जिंकलं नाही. मी गप्प झालो. पण गाव गप्प बसेना. खडीवर बायका वहिनीच्या पाटीला हात लावेनात. कुणी रक्तपिती म्हणायचं, कुणी महारोग. वहिनीचं पोट बिघडलेलं, जीभ लालभडक, तिखट तर सोडाच, कोमट पाणी झोंबायचं. आणि डोकं ठिकाणावर राहीना. चुलीवर तवा ठेवायची आणि तशीच बसून राहायची. एकदा तर मला विचारलं, "भावजी, आपण कुणाच्या घरी आलोय?"

मग अव्वानं निकाल दिला. चूल शिवायची नाही. दोन वर्षांचा चन्नबसप्पा, वहिनीचा लेक, तो अव्वाजवळ झोपेल. आणि पुनवेपर्यंत डाग गेला नाही तर वहिनीला देगलूरला पोचवायचं. लेकरू इथंच राहील. चन्नबसप्पा पडवीत उभा राहून आईकडं हात करायचा आणि अव्वा त्याला उचलून आत न्यायची. आत नेताना तिचेही डोळे भरलेले असायचे. ते मी बघितलंय, म्हणून म्हणतो, भ्यालेली होती.

अण्णा त्या आठवड्याला घरी आला. आईसमोर आवाज न काढणारा माणूस. मला गोठ्यात बोलावलं आणि म्हणाला, "तू हिला लातूरला घेऊन जा. जिल्ह्याचा दवाखाना झालाय म्हणतात. अव्वाला मी बघतो." हे बोलताना त्याचा हात म्हशीच्या पाठीवर होता आणि म्हैस शेपटी मारत होती, तरी त्याला पत्ता नव्हता.

म्हणून ती गाडी, आणि म्हणून लालमहंमद.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर उमादेवी. हैदराबादला शिकून आलेल्या. त्यांनी वहिनीचा हात सरळ आपल्या हातात घेतला. किती दिवसांनी कुणीतरी घेतला असेल. टाचणीनं टोचून, पीस फिरवून बघितलं. "कळतं का?" "कळतं." "इथं?" "इथंबी." मग म्हणाल्या, "हा महारोग नाही." आणि विचारलं, "जेवतेस काय?"

"सगळ्यांचं झाल्यावर जे राहील ते."

"काय राहतं?"

"भाकर राहती. वरण राहत न्हाई."

मग मी नेमाचं सांगितलं. दूध बंद, डाळ बंद, दाणे बंद. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, जसं कुणी पाय मुरगळल्यावर मिटतं. मग म्हणाल्या, "ह्याला पेलाग्रा म्हणतात. नुसत्या ज्वारीवर राहिलेली माणसं मी हैदराबादेत असताना बघितली आहेत. तू उदगीरची डाळ मिल बघितलीस?"

"तूर निवडायला जात होते की."

"आत तूर टाकली की लगेच डाळ बाहेर येते?"

वहिनीला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तिला येणारा प्रश्न कुणी विचारला होता. "न्हाई बाई. भिजवायची, वाळवायची, मग भरडायची, मग पाखडायची. दर कामाला येगळा माणूस."

"तसंच पोटातही आहे. वरण, दूध, दाणे यांतून एक पदार्थ शरीरात जातो. त्यापासून शरीर एक जीवनसत्त्व घरच्या घरी बनवतं. एकामागं एक कारागीर बसलेत त्या कामाला. त्यांना एन्झाइम म्हणतात. त्यातला मधला एक कारागीर आहे, तो आलेल्या मालाचा नको असलेला तुकडा तोडून बाजूला टाकतो आणि राहिलेला पुढच्याच्या हातात देतो. तो अडला की मिल अडली. आणि तो कारागीर रिकाम्या हातानं काम करत नाही. त्याला स्वतःला दुसरंच एक जीवनसत्त्व लागतं हत्यार म्हणून. ते पण डाळी-दाण्यांतून, पालेभाजीतून येतं."

वहिनीनं जातं ओढल्यासारखा हात हवेत फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे जातं हाय, पण खुंटा न्हाई."

"बरोब्बर. आणि तुझ्या जात्यात दळणही नाही. ज्वारीतही तो पदार्थ कमीच. शिवाय नुसती ज्वारी खाल्ली तर तिच्यातला दुसरा एक घटक या कामात आडवा येतो, असं काही डॉक्टर म्हणतात, काहींना ते पटत नाही. पण ज्वारी वाईट नाही हं. एकटी पडली की तिच्यानं होत नाही."

"आणि गळा?"

"ते जीवनसत्त्व नसलं की कातडीला ऊन सोसत नाही. पदर जिथं नाही तिथं जळते. तुझ्या झंपराचा गळा जिथवर, तिथवर डाग."

मला वाटलं संपलं. पण वहिनीच्या मनात खरा प्रश्न निराळाच होता. तिनं खाली बघत विचारलं, "मग लिंग कोपलं न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी आपल्या गळ्यातला शिवदारा पदराबाहेर काढून दाखवला. आम्हाला काय माहीत, त्याही आमच्यातल्याच, भालकीकडच्या. म्हणाल्या, "माझी पूजा तर रोजच घाईत होते. बघ, माझ्या गळ्याला काही झालंय?"

वहिनी रडली. मोकळी रडली. मी बाहेर येऊन उगाच नळाखाली तोंड धुतलं.

इथं एक गंमत सांगून घेतो. चन्नबसप्पाची थोरली लेक, माझी नात सिंधु, नांदेडला औषधशास्त्र शिकते. परवा तिला हा किस्सा सांगितला तर म्हणते, "आजोबा, मराठीत एन्झाइमला विकर म्हणतात." मला ऐकू आलं विकार. मी म्हणालो, "अगं, विकार कसा? तो तर बिचारा काम करणारा." ती हसून लोळली. मग तिनं त्या मधल्या कारागिराचं खरं नाव सांगितलं, कायन्युरेनिनेज. मी तीनदा म्हणून बघितलं आणि दरवेळी वेगळं झालं. नाव काही का असेना, एका जीवनसत्त्वाच्या जोरावर दुसरं जीवनसत्त्व घडवणारा असा कारागीर माझ्या, तुमच्या, त्या टोपीवाल्याच्याही पोटात बसलाय, रोज, न सांगता. मी आता जेवायच्या आधी त्यालाही एक नमस्कार घालतो. सिंधु म्हणते आजोबा वेडे. असेन.

तर आम्ही गोळ्या घेऊन गावी आलो. रोज गोळी, आणि वरण, दूध, दाणे, पालेभाजी. आता खरी अडचण. नेम अव्वानं घातलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरीण शिकलेली हाय, खोटं बोलणार न्हाई. पण लिंगासमोर घातलेला नेम मी मोडू कसा?"

अण्णा पडवीत उभा होता. मला वाटलं आज हा बोलणार. तो बोललाही. "अव्वा, दाना देगलूरला जाणार न्हाई. जायचीच असली तर मीबी जातो तिकडं, आणि चन्नबसप्पाबी." एवढंच. जन्मात आईला उलट बोलल्याचं हे मला ठाऊक असलेलं एकच वाक्य.

अव्वा उठली, आत गेली. आम्हाला वाटलं रुसली. रात्रभर तिनं काय विचार केला तो शिवालाच माहीत. सकाळी तिनं वहिनीला आंघोळ करून पूजेला बसवलं. वहिनीनं लिंग तळहातावर घेतलं. अव्वानं समोर वाटीत दूध ठेवलं, मूठभर शेंगदाणे ठेवले, डाळ शिजवून ठेवली. आणि कागदाच्या पुडीतली गोळीही काढून बेलाच्या पानावर ठेवली.

"दाखव त्याला," अव्वा म्हणाली.

वहिनीनं लिंगाला नैवेद्य दाखवला.

"आता हा प्रसाद झाला. आणि प्रसाद टाकला तर पाप लागतं. नेम ज्याच्यासाठी होता त्यानंच दिलंय. खा."

सांगा मला, एवढी युक्ती कुठल्या शाळेत शिकवतात? मी सातवी शिकलोय, अव्वा एकही इयत्ता शिकली नव्हती, आणि मला ती युक्ती सुचली नसती. पुढं रोज सकाळी हेच. गोळीसुद्धा आधी लिंगाला, मग वहिनीला. शेजारची नागम्मा बघायला आली आणि म्हणाली, "गुरम्मा, देवाला गोळ्या चारून राहिलीस का?" अव्वा म्हणाली, "आजारी तुझ्या तोंडाची चव हाय, तुलाबी देऊ का एक?"

आधी वहिनीची जीभ बरी झाली. मग पोट. मग एके दिवशी तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "भावजी, गोठ्यातलं शेण काढा, उगं पुस्तक वाचल्यासारखं बघू नका," तेव्हा मला कळलं की वहिनी परत आली. खडीच्या उन्हात अण्णानं तिला जाऊ दिलं नाही, तिच्या जागी तोच गेला. अडतीवरचा माणूस, पहिल्या दिवशी हाताला फोड घेऊन आला, आणि वहिनी त्यावर हसली. म्हशीनं मान वळवली. गळ्याची काळी कातडी पापुद्रे होऊन निघायला लागली, खालची नवी, गुलाबी. अव्वा रोज उजेडात नेऊन बघायची, जसं शेतात काय उगवलं ते बघतात.

वहिनी आता सत्तरीच्या पुढं आहे. चन्नबसप्पा उदगीरला किराणा दुकान चालवतो, त्याच्या लेकी शिकतायत. गावात कुणाच्या घरी नवी सून आली की वहिनी हळदीकुंकवाला जाते आणि बोलता बोलता तिच्या ताटात वरण आहे का ते बघून येते. कुणी विचारलं तर म्हणते, "पोटात कारागीर बसलाय, त्याला उपाशी ठेवू नका." आमच्या घरात त्या सालापासून जेवणाची रीत बदलली ती बदललीच. माझी बायको आली तेव्हा तिला वाटलं, हे लिंगायतांचं काही वेगळं असेल. वेगळं काही नव्हतं. ते एका संध्याकाळी, एका वाक्यानं झालं होतं, आणि तेवढं सांगून थांबतो.

पुनव होती. अण्णा घरी होता. चुलीवर तुरीचं वरण उकळत होतं, घरभर वास. अव्वानं वहिनीला उंबऱ्यातल्या कंदिलाजवळ बोलावलं, तिचा गळा सगळीकडून बघितला, हात उलटेपालटे करून बघितले. डागाची जागा नुसती थोडी उजळ दिसत होती. मग अव्वानं चन्नबसप्पाला उचललं आणि स्वतःच्या हातानं वहिनीच्या कडेवर दिलं. लेकरानं गळ्याला जी मिठी मारली ती सोडेना. अव्वा जराशी घुटमळली. नंतर चुलीसमोरचा आपला पाट उचलला, जो तिनं लग्न झाल्यापासून कुणाला दिला नव्हता, आणि तो वहिनीकडं सरकवला.

"दाना, लई सोसलंस. आजपासून चूल तुझी. मी बाजूला बसते."

आम्ही दोघं भाऊ पानावर बसलो होतो, ते तसेच थांबलो. सासू चूल देते म्हणजे घर देते. वहिनी उंबऱ्यात उभी होती, लेकरू कडेवर. तिनं पाटाकडं बघितलं, उकळत्या वरणाकडं बघितलं, आणि म्हणाली,

"चूल तुमचीच असू द्या आत्या. मला तेवढं तुमच्या शेजारी ताट मांडून द्या, वरण गरम हाय तवर."